बरी हाय म्हणून आणली न्हाई

चार वर्षांची असताना मी एकाएकी गुटगुटीत झाले आणि बोरी बुद्रुकमध्ये आईचं कौतुक सुरू झालं. त्याआधी मी अगदीच काडी होते. आता गाल फुगले, डोळे बारीक झाले, पोट पुढे आलं. शेजारच्या काकू उंबऱ्यावर उभ्या राहून म्हणायच्या, "पोरीनं काय बाळसं धरलंय गं! काय घालतीस खाया?" आई कौतुकाला नको म्हणणाऱ्यांतली नाही. दूध-भाकरी चुरून घालते, असं तिने मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आणि दोन-तीन घरांतल्या पोरांना तेव्हापासून दूध-भाकरी सुरू झाली. नजर लागू नये म्हणून ती रोज संध्याकाळी माझी दृष्टही काढायची.

मग एका सकाळी माझा पाय चपलेत जाईना. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पिंढरीवर बोट दाबलं तर तिथे खळगा पडला आणि तो भरेचना. त्यांनी मला खांद्यावर टाकलं, आळेफाटा गाठला आणि मिळेल त्या एसटीने पुण्याचा दवाखाना. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हे बाळसं नाही, सूज आहे. किडनी म्हणजे रक्त गाळणारी चाळण असते. हिची चाळण सैल झाली आहे आणि रक्तातलं प्रोटीन लघवीवाटे वाहून चाललं आहे.

"पिठाची चाळण फाटल्यावर कोंडा खाली येतो, तसं," आबा म्हणाले.

"अगदी तसंच. पण ही चाळण बहुतेक मुलांची वय वाढेल तशी आपोआप नीट होते. तोवर गोळ्या, पथ्य आणि पहारा."

गोळ्या मी गिळल्या. पथ्य म्हणजे मीठ बंद. ते मी पाळलं असं सर्वांना वाटत होतं, पण गोठ्यात म्हशींना चाटायला मिठाची वीट टांगलेली असायची आणि ती एका बाजूने फारच लवकर झिजायची. पहारा मात्र कडक होता. रोज सकाळी माझी लघवी काचेच्या नळीत घ्यायची, कपड्याच्या चिमट्याने नळी धरायची आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची. वर व्हिनेगरचे दोन थेंब. नितळ राहिली तर पोरगी बरी. गढूळ झाली तर चाळण पुन्हा सैल.

हे काम आईकडे होतं. चहाच्या आधी ते उरकायची. डॉक्टरांनी शून्य, एक अधिक, दोन अधिक, तीन अधिक अशी मोजणी शिकवली होती, पण आईला ती मानवली नाही. तिने स्वतःची केली : पाणी, ताक, दही. ती चुलीपुढून ओरडायची, "ताक!" आणि आबा ओटीवर बसून वहीत तारखेपुढे एक अधिक काढायचे. "दही!" ऐकलं की त्यांची पेन्सिल थांबायची. तीन दिवस लागोपाठ दही झालं की मोठ्या गोळ्या सुरू आणि पुण्याची वारी. सर्दी झाली की दही हमखास. मला वाटतं, बोरीत सर्दीला माझ्या आईइतकं कुणीच घाबरत नसेल.

पण खरी गंमत मी बरी असायचे तेव्हाची. दर दोन महिन्यांनी दाखवायला बोलावलेलं असायचं. आबा तारीख चुकवायचे नाहीत. पहाटेची गाडी धरायचे, वही आणि माझ्या लघवीची बाटली पिशवीत, दुसऱ्या पिशवीत डॉक्टरीणबाईंसाठी मेथी नाहीतर टोमॅटो. आणि मला मात्र घरी ठेवायचे. रांगेत चार तास बसून नंबर आला की आत जाऊन सांगायचे, "बरी हाय म्हणून आणली न्हाई."

डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावायच्या. "अहो, आजारी असली की सगळेच आणतात. बरी असते तेव्हाच मला बघायची असते. तिची उंची मोजायची आहे, डोळे बघायचे आहेत, बीपी घ्यायचं आहे. तुमची उंची मोजू का?"

आबांना त्यांचं म्हणणं पटायचं. घरी येऊन आम्हाला ते हुबेहूब सांगायचेही. पण पुढच्या वेळी मी बरी असले की पुन्हा एकटेच जायचे. धडधाकट पोराला उगाच दवाखान्याच्या पायरीवर चढवायचं म्हणजे आजाराला आवतण, असं आमच्याकडे अजूनही मानतात. शिवाय माझी शाळा बुडते. आबांची शेतीची कामं बुडायची, पण ती कुणी मोजत नव्हतं.

बारा-तेराव्या वर्षी ताक बंद झालं, दही तर आधीच बंद झालं होतं. नळीत नुसतं पाणी. अठराव्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, "आता तू मोठी झालीस. इथून पुढे मोठ्यांच्या विभागात वर्षातून एकदा जायचं. लहानपणी इतक्या गोळ्या खाल्ल्यास, त्या पुढे कधी हाडांना, डोळ्यांना, साखरेला त्रास देतात का, ते बघावं लागतं." मी मान डोलावली. आबांनी फाइलवर आपला नवाकोरा मोबाइल नंबर मोठ्या अक्षरांत लिहिला. आणि मी त्या दवाखान्याकडे जी पाठ फिरवली, ती आजवर.

आता मी छत्तीस वर्षांची आहे. आळे गावात दिली आहे आणि तिथेच रस्त्याकडेला माझी रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची, फ्लॉवर, झेंडू. धंद्यात माझा एक नियम आहे : रोपं नेली की पंधरा दिवसांनी शेतकऱ्याला फोन करायचा. ज्याची रोपं मेली तो फोनची वाट बघत नाही, तो सकाळी सहाला दारात उभा असतो. ज्याची जगली तो गायब. फोन केला की म्हणतो, "झ्याक हाय की प्लॉट. म्हणून तर फोन न्हाई केला." मी चिडते. अरे बाबा, जगलेल्या रोपाचंच तर मला बघायचं असतं, कुठल्या मातीत कसं चाललंय ते! नवरा म्हणतो, तुझी जीभ तिखट आहे. असेल. पण हे त्यांना सुनावताना मी स्वतः अठरा वर्षं तेच करत होते, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही.

खरं सांगायचं तर ध्यानात होतं, पण मला भीती वाटत होती. तपासलं नाही तोवर आपण बरे, असा माझा हिशेब. बाळंतपणात डॉक्टरांनी जे तपासलं तेवढंच. तेव्हा सगळं ठीक निघालं तर मी घरी येऊन मोठ्याने रडले होते. त्यानंतर ओळखीच्या कुणाला डायलिसिस लागलं असं ऐकलं की मी विषय बदलायचे.

गेल्या हिवाळ्यात आबांच्या मोबाइलवर दवाखान्यातून फोन आला. त्या डॉक्टरीणबाई केव्हाच निवृत्त झाल्या होत्या. पण त्यांच्या वेळची मुलं आता मोठी होऊन कशी आहेत, हे नव्या डॉक्टरांना बघायचं होतं. जुन्या फाइली काढून एकेकाला बोलावत होते. आबांना आनंद मावेना. जणू शाळेने पोरीचा सत्कार ठेवला होता. मी रविवारी बोरीला गेले तर ओटीवरच त्यांनी गाठलं.

"तुझी फाइल हाय अजून त्यांच्यापाशी. माझ्या अक्षरातली. कवा जायाचं?"

"मला वेळ न्हाई आबा. सीझन हाय."

"एक दिसाचं काम."

"मला काय झालंय? धडधाकट हाय मी. कशाला उकरून काढायचं?"

मी आवाज चढवला. आबांनी वाद घातला नाही. आईने मात्र स्वयंपाकघरातून टोला हाणला, "भित्री भागूबाई." मी ऐकलं नाही असं दाखवलं. शेवटी बऱ्याच रदबदलीनंतर एवढंच ठरलं की मी बाटली द्यायची, आबांनी ती पुण्याला न्यायची आणि दवाखान्यावाल्यांचं तेवढ्यावर भागवायचं. मी जाणार नाही. दुसऱ्या बुधवारी पहाटे आबा आळ्यात येऊन बाटली घेऊन गेले. सोबत मेथीच्या चार जुड्या होत्याच.

शुक्रवारी मी ट्रेमध्ये बी टोकत होते तेव्हा फोन वाजला. आबांनी या वेळी माझा नंबर दिला होता. पलीकडून एक बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या लघवीत प्रोटीन आलंय, एक अधिक. आणि साखरही आहे. घाबरू नका, पण लवकर येऊन भेटा."

घाबरू नका! माझे हात कोकोपीटच्या भुशाने भरलेले होते, ते तसेच गालाला लागले. मला पहिल्यांदा काय आठवलं असेल तर चपलेत न जाणारा पाय. चाळण पुन्हा सैल झाली, आणि त्या गोळ्यांनी साखरही दिली. पोरीची दहावी, नवऱ्याचा स्वभाव, रोपवाटिकेचं कोण बघणार, सगळं एकदम डोक्यात शिरलं. आरशात बघितलं तर चेहरा सुजलेला वाटला. तो रोजच तेवढा असतो, पण त्या दिवशी सुजलेला वाटला. मी स्कूटर काढली आणि थेट बोरी.

आई-आबा चहा घेत होते. मी फोनवरचं सांगितलं आणि उंबऱ्यातच बसले. आबांनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा असा उतरला की मला त्यांचीच काळजी वाटली.

आई उठली. कपाटाच्या वरच्या फळीवरून तिने एक डबा काढला. त्यात जुन्या पातळात गुंडाळलेली नळी होती. "दिवा कुठं गेला काय म्हाईत," असं पुटपुटत तिने गॅसच पेटवला, दोरीवरचा चिमटा आणला आणि माझ्या हातात पेला दिला. "जा. भरून आन."

"आई, मी छत्तीस वर्सांची हाय."

"मंग? मुतत न्हाई का?"

मी गेले. तिने नळी आचेवर तिरपी धरली. हात पूर्वीसारखाच स्थिर. उकळी फुटली, व्हिनेगर नव्हतं म्हणून तिने लिंबाचे दोन थेंब पिळले, आणि आम्ही दोघी नळीकडे डोळे लावून उभ्या राहिलो. नितळ. तिने नळी खिडकीच्या उजेडात धरली, फिरवली, नळी धुऊन पुन्हा भरली, पुन्हा तापवली. नितळच.

"पाणी," आई म्हणाली. "त्यांचं मशीन खोटं हाय."

माझ्या जिवात जीव आला आणि पाठोपाठ संताप. मी फोन हातात घेतला. आता या लोकांना असं झाडते, म्हटलं, की पुन्हा कुणाला घाबरवायची हिंमत करणार नाहीत. नंबर लावणार तेवढ्यात आबा म्हणाले, "थांब. फोन नगं करू."

"का?"

"मशीन खोटं न्हाई."

ते खाली बघत होते. मग हळूहळू एकेक बाहेर आलं. बाटलीचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. मंचरच्या स्टँडात गाडी शिरली तेव्हा त्यांच्या मांडीला ओलं लागलं. बघतात तर बाटली रिकामी आणि सगळं मेथीत. मेथी तिथेच टाकली. पुण्याला पोचले, आणि आता काय करायचं?

"रिकामा आलो असतो तर तू परत बाटली दिली असतीस?" त्यांनी मला विचारलं.

दिली नसती, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"मंग स्टँडवरच्या संडासात बाटली धुतली आन भरली."

"कुणाची भरली?" आईने विचारलं.

"आता कुणाची भरनार? माझीच की! म्हनलं, सत्तरीला आलो, कधी सुई टोचून घेतली न्हाई. आपलं काय वंगाळ निघनार? हिचा रिपोर्ट येईल झ्याक. लेकीच्या मनातलं भ्या तरी जाईल."

मग आईला हसू फुटलं. ती गॅसच्या ओट्याला धरून हसत सुटली. "पोरीच्या नावावर ह्यांची! आन त्या मशीनला बी कळलं न्हाई!" मीही हसले, पोट दुखेपर्यंत, डोळ्यांना पाणी येईपर्यंत, कारण गेल्या तासाभरात मी मनातल्या मनात मेले होते आणि आता जिवंत होते. आबाही ओशाळं हसायला लागले. माझी भीती त्यांना कळली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि मला त्यांचा राग येण्याऐवजी नुसती मायाच आली.

आधी थांबली ती आई. पदराने तोंड पुसत तिने पेला धुतला आणि आबांपुढे धरला. "अवो, जा. भरून आना."

"मला काय झालंय?"

"जा म्हनते ना."

या वेळी नळी तापली आणि वरचा भाग पांढरा झाला. लिंबाचे थेंब पडले तरी तो पांढराच राहिला. आईने नळी उजेडात धरली नाही. तिला गरज नव्हती.

"ताक," ती म्हणाली, आणि गॅस बंद केला.

सोमवारी पहाटे मी आबांना घेऊन आळेफाट्यावरून गाडीत बसले. रोपांना पाणी घालायला नवऱ्याला लावलं आणि सीझन काही बुडाला नाही. मोठ्यांच्या विभागातल्या डॉक्टर तरुण होत्या, माझ्याहून लहान असतील. आमची हकीकत ऐकताना त्यांनी आधी वहीमागे तोंड लपवलं, मग उघड हसल्या आणि मग लगेच गंभीर होऊन आबांच्या दंडाला पट्टा बांधला. बीपी भलतंच वर होतं. रक्तात साखर होती. किती वर्षांपासून, कोण सांगणार? चहात तीन चमचे घालणारा माणूस थकवा आला की चौथा घालायचा.

"किडनीवर नुकता परिणाम सुरू झालाय," डॉक्टर म्हणाल्या. "गोळ्या आणि पथ्य नीट सांभाळलं तर पुष्कळ वर्षं काही होणार नाही. आणखी दोन-तीन वर्षांनी कळलं असतं तर मी असं म्हणाले नसते." मग त्या आबांना दटावत म्हणाल्या, "आणि पुन्हा कुणाची बाटली कुणाच्या नावावर द्यायची नाही. या वेळी फळलं, दर वेळी फळत नाही."

आबा शाळकरी पोरासारखे हो म्हणाले.

माझंही सगळं तपासलं. उंची मोजली, डोळ्यांत बॅटरी मारली, रक्त घेतलं, हाडांचा फोटो काढला. किडनी उत्तम. डोळे उत्तम. हाडं जराशी नाजूक आहेत, त्यासाठी गोळी आणि रोज चालणं. म्हणजे अठरा वर्षं मी ज्याला घाबरून पळत होते, ते एवढंच होतं. मला हसावं की स्वतःच्या थोबाडीत मारावी, कळेना. डॉक्टर म्हणाल्या, पुढच्या वर्षी पुन्हा या. मी म्हटलं, येते. आणि या वेळी मी खरं बोलले.

परतीच्या गाडीत आबांना खिडकी दिली. औषधांची पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी मांडीवर धरली होती. मीठ कमी, साखर बंद, सहा गोळ्या, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त. सकाळी गाडीत अखंड बोलणारा माणूस राजगुरुनगर मागे पडलं तरी गप्प होता. मी टिंगल करून बघितली, "आता गोठ्यातली वीट चाटायला तुमची पाळी." हसले नाहीत.

मंचरच्या अलीकडे त्यांनी बाहेर बघतच विचारलं, "तवा तुला भ्या वाटायचं का गं? ल्हान व्हतीस तवा?"

सत्तर वर्षांच्या त्या माणसाला भीती वाटत होती आणि ती लपवायला आता वही नव्हती, बाटली नव्हती, मेथी नव्हती. मी खोटं बोलणार नव्हते. पण मला खरंच आठवेना की मी कधी घाबरले होते. आई नळी धरायची, आबा लिहायचे, मी खेळायला पळायचे.

"न्हाई वाटायचं," मी म्हणाले.

"खरं?"

"खरं. दवाखान्यात तर तुमी जायचात. मला वाटायचं, आजारी तुमीच हाय."

आबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले आणि तोंडावर हसू आलं, दोन्ही एकदम.

"मंग आता तू जात जा," ते म्हणाले. "सांग त्यांना, बरा हाय म्हणून आणला न्हाई."

"त्ये चालायचं न्हाई," मी म्हणाले. "आता दोघांनी बी जायाचं."

त्यांनी पिशवीवरचा एक हात सोडवला, माझ्या हातावर ठेवला, आणि नारायणगाव येईपर्यंत तो तसाच ठेवला.